लांबचा सरळ पॉट नेहमी एकाच बाजूला का चुकतो?

सहावी_रेड (ठाणे पश्चिम)
स्नूकरवाले कोणी आहेत का इथे? क्रिकेटच्या धाग्यांतून डोकं वर काढा जरा.

बरीच वर्षं हौसेने खेळतोय. ऑफिस ऐरोलीला, घर वर्तकनगरला, त्यामुळे आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी क्लबात थांबणं होतं. ब्लॅकच्या आसपास रेड मोकळ्या मिळाल्या तर पंचवीस-तीसचा ब्रेक (एका पाळीतले सलग गुण) होतो. पण व्हाइट बाल्कमध्ये (टेबलच्या सुरुवातीच्या टोकाला) आणि रेड मधल्या ब्ल्यूच्या पुढे, सरळ पॉट (रेड पॉकेटमध्ये टाकणं), असं आलं की बोंब. रेड पॉकेटच्या उजव्या जबड्यावर आपटते. कधी उजव्या, कधी डाव्या असं असतं तर म्हटलं असतं नेम कच्चा आहे. पण ही जवळपास दर वेळी उजवीकडेच. जोरात मारलं की जास्त, हळू मारलं की कमी.

क्लबातले लोक म्हणतात "डोकं हललं". प्रत्येक चुकीला हेच उत्तर असतं. क्यू स्वतःचा आहे, अॅशचा, सरळ आहे, टेबलवर लोळवून पाहिलाय. उजव्या हाताने खेळतो, चष्मा नाही. कुठून सुरुवात करू?

खारघर_क्यू
ग्रिप. शंभर टक्के ग्रिप. आपल्याकडे सगळे लोकलच्या दांड्याला लटकल्यासारखा क्यू धरतात. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या वेढ्यात क्यू नुसता ठेवायचा, मागची बोटं बॅकस्विंगला सैल सुटायला हवीत आणि पुढे येताना आपोआप मिटायला हवीत. मूठ आवळलेली राहिली तर क्यू मागे जाताना बुंधा वर उचलला जातो, पुढे येताना कुठेतरी खेचला जातो.

बाजूने मोबाइलवर शूट कर. टिप (क्यूचं टोक) व्हाइटला टेकते त्या क्षणी कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी काटकोनात हवा. पुढे झुकलेला असेल तर क्यू फार पुढे धरतोयस, मागे राहिला असेल तर फार मागे. माजी विश्वविजेता नील रॉबर्टसनचे व्हिडिओ लाव आणि फक्त क्यू धरणारा हात बघत बस, तो डावखुरा आहे.

पिंकस्पॉट (कळवा)
झालं, रॉबर्टसन आला! अरे भाऊ, अॅलेक्स हिगिन्स शॉट मारता मारता उभा राहायचा, तरी १९७२ आणि १९८२ असा दोनदा विश्वविजेता. जड ट्रम्प या खेळाडूचा क्यू कुठून कुठे जातो ते बघ एकदा. पुस्तकी तंत्राच्या नादात चांगला खेळणारा माणूस लाकडी होऊन बसतो. आमच्या क्लबात एकाने असाच व्हिडिओ बघून स्टान्स बदलला, आता तो जवळचेही चुकवतो.

बाकी 'डोकं हललं' हे वाक्य प्रत्येक क्लबात भिंतीवर रंगवून ठेवायला हरकत नाही. 😄

बाल्कलाइन (नौपाडा)
सहावी_रेड, तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत: एकाच बाजूला चुकणं, आणि जोरात मारलं की जास्त चुकणं. ग्रिप, स्टान्स, डोकं या सगळ्याच्या आधी एक चाचणी करा. जुनी आहे, पण अजून तिच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

दुपारच्या वेळी रिकामं टेबल घ्या. बऱ्याच ठिकाणी तेव्हा दरही कमी असतो. सगळे बॉल पॉकेटमध्ये टाकून द्या, फक्त व्हाइट ठेवा, ब्राउनच्या स्पॉटवर. आता ब्ल्यू, पिंक आणि ब्लॅकचे रिकामे स्पॉट एका रेषेत तुमच्यासमोर आहेत. व्हाइट बरोबर मधोमध मारायचा, त्या तिन्ही स्पॉटवरून नेऊन वरच्या कुशनवर आपटवायचा, आणि तो परत येऊन टिपला लागला पाहिजे. शॉटनंतर क्यू जिथे थांबेल तिथेच ठेवायचा, हनुवटी उचलायची नाही. जोर मध्यम, परतताना बाल्कलाइन (ब्राउनच्या स्पॉटवरून जाणारी आडवी रेष) सहज ओलांडेल इतका. फार हळू मारलात तर कापडाची लव व्हाइटला भलतीकडे नेईल आणि तुम्ही स्वतःला दोष देत बसाल.

मग बघायचं ते असं. जातानाच व्हाइट स्पॉटांच्या रेषेपासून ठळक सुटला, तर तुम्ही उभेच चुकीच्या रेषेवर राहताय, नाहीतर क्यू आडवा जातोय. जाताना जवळजवळ सरळ पण येताना एका बाजूला पळाला, तर टिप मधोमध लागत नाही. उजवीकडे लागली तर व्हाइटवर उजवी साइड (बाजूची फिरकी) येते, ती टेबलच्या कापडावर फारशी दिसत नाही, कुशनला लागल्यावर उघडी पडते आणि व्हाइट तुमच्या उजवीकडे परततो.

एकदा ब्लॅकच्या बाजूने उलटही मारून बघा. दोन्हीकडून व्हाइट खोलीतल्या एकाच भिंतीकडे ओढला जात असेल तर टेबल तिरकं आहे.

सहावी_रेड
काका, धन्यवाद. एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. या आठवड्यात सुट्टी टाकून दुपारी जातोच.

वाशी_फिजिओ
मधेच एक. सुट्टी टाकून तीन तास एकट्याने वाकून खेळणार असाल तर कंबर धरेल. एकटे खेळताना दोन शॉटांमध्ये बसायला मिळत नाही. उजवा पाय सरळ, डावा गुडघा किंचित वाकलेला, वाकायचं ते खुब्यातून, पाठीची कमान करून नाही. आणि अर्ध्या तासाने पाय मोकळे करा. एवढंच, चालू द्या.

डावखुरी (नेरूळ)
मला हा धागा आवडला, कारण मी याच रोगातून गेलेय, फक्त आरशातल्या बाजूने. 🙂

खारघर_क्यू, ग्रिपचं तुमचं बरोबर आहे, पण निदान आधी आणि औषध नंतर. त्यांनी लिहिलंय की जोरात मारलं की रेड जास्त उजवीकडे जाते. टिप व्हाइटच्या उजव्या अंगाला लागली तर व्हाइट सुरुवातीलाच किंचित डावीकडे ढकलला जातो. हळू शॉटमध्ये साइडमुळे तो वळून थोडा परत येतो, जोरात मारल्यावर वळायला वेळच नसतो. व्हाइट डावीकडे गेला म्हणजे रेडच्या डाव्या अंगाला लागणार, रेड उजव्या जबड्यावर. म्हणून मला नकोशी साइडच दिसतेय. चाचणीत व्हाइट उजवीकडे परतला तर नक्की.

किती थोडक्याने चुकतं तेही बघा. बॉल ५२.५ मिलिमीटरचा. रेडपाशी पोहोचेपर्यंत व्हाइट ३ मिलिमीटर सरकला, तर सरळ पॉटमध्ये रेड साधारण सव्वातीन अंश कोनात सुटते. पुढे पॉकेट दीड मीटरवर असेल तर तिथे ती साडेआठ सेंटीमीटर बाहेर. जबड्यावर नाही, थेट कुशनवरच. तुमची जबड्यापर्यंत तरी येतेय, म्हणजे चूक त्याहूनही कमी आहे. इतकी बारीक चूक अंगाला जाणवत नाही, म्हणून 'मी तर मधेच मारलं' असं प्रत्येकाला वाटतं.

पिंकस्पॉट
ताई, हिशोब वाचून मला पुढचा लांब पॉट मारायची भीती वाटायला लागली.

पण एक कामाचं सांगतो. क्लबात पूलचं टेबल असेल तर पट्टेवाला बॉल मागून घ्या. पट्टा उभा करून तो व्हाइटच्या जागी ठेवा, टिपला नीट चॉक लावा आणि हळू एक शॉट मारा. चॉकचा ठिपका पट्ट्यावर कुठे उमटलाय ते दिसतं. पूलचा बॉल मोठा असतो, ५७ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे उंचीचा अंदाज धरू नका, पण डावं-उजवं चोख कळतं. स्नूकरच्या टेबलवर पूलचा बॉल ठेवण्याआधी मार्करला (टेबल सांभाळणाऱ्याला) विचारा, नाहीतर तो तुम्हालाच पॉकेटमध्ये टाकेल.

सहावी_रेड
जाऊन आलो.

चाचणीचा निकाल: व्हाइट जाताना ब्ल्यूच्या स्पॉटवरून ठीक, ब्लॅकच्या स्पॉटपाशी केसभर डावीकडे, आणि परत येताना चांगला उजवीकडे. येलो आणि ब्राउनच्या मधून बाल्कलाइन ओलांडतो. पुन्हा पुन्हा तेच. ब्लॅकच्या बाजूने मारलं तरी माझ्या उजवीकडेच, म्हणजे टेबल निर्दोष. पट्टेवाल्या बॉलवर ठिपका पट्ट्याच्या उजव्या कडेला. डावखुरीताई, तुमचं निदान तंतोतंत.

आता प्रश्न असा की टिप उजवीकडे का लागते? मला तर वाकल्यावर ती ठार मधे दिसते.

खारघर_क्यू
मी अजून ग्रिपवरच ठाम आहे. शॉटच्या क्षणी मूठ आवळली की बुंधा छातीकडे ओढला जातो, क्यू ब्रिजवर (पुढच्या हाताच्या आधारावर) फिरतो आणि टिप उजवीकडे जाते. सुरुवातीला मधे असते, लागताना नसते.

डावखुरी
असू शकतं. पण ते ठरवायला सोपा मार्ग आहे. कोणालातरी ब्लॅकच्या बाजूला, टेबलच्या टोकाशी, डोळे व्हाइटच्या उंचीवर येतील असं बसवा. तुम्ही वाका, फेदरिंग करा (मारण्याआधी क्यू हळू पुढे-मागे न्या), थांबा, पण मारू नका. समोरच्याला टिप व्हाइटच्या मागे नीट झाकलेली दिसते का, क्यू एका बाजूने डोकावतो का, एवढंच विचारा. थांबलेला असतानाच क्यू बाजूला असेल तर दोष नजरेचा. थांबलेला मधोमध आणि मारताना सरकला तर खारघर_क्यू जिंकले, चहा माझ्याकडून.

अजून एक. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहतं तो तुमचा जोरकस डोळा. माझा डावा आहे आणि मी क्यू हनुवटीच्या बरोबर मधे ठेवत होते, कारण सगळे सांगतात मधे ठेवा. जो डेव्हिस या जुन्या स्नूकरपटूने सलग १५ जगज्जेतेपदं मिळवली ती क्यू डाव्या डोळ्याखाली ठेवून. त्याचा उजवा डोळा अधू होता.

बाल्कलाइन
डावखुरी यांच्याशी पूर्ण सहमत. माझी एक भर: फेदरिंग करताना टिप व्हाइटपासून किती अंतरावर थांबते? बरेच जण फाउलच्या भीतीने दोन-अडीच इंच आधीच थांबतात. डोळा क्यूच्या बरोबर वर नसेल तर एवढ्या फटीत टिप कुठे आहे याचा अंदाज फसतो. टिप व्हाइटला जवळजवळ टेकेपर्यंत आणा, तिथे क्षणभर थांबा आणि त्या वेळी फक्त टिप आणि व्हाइट बघा. मग नजर रेडवर न्या, सावकाश मागे या, मारा. मागे येताना घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

आणि दुसरा उपाय, जो हल्लीच्या पोरांना आवडत नाही: बिलियर्ड्स खेळा. आपल्याकडची परंपरा तीच आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. पुढे मुंबईचे मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी, सगळे बिलियर्ड्सचे विश्वविजेते. कारण साधं आहे. स्नूकरमध्ये रेड पॉट झाली की व्हाइटवर नकळत आलेली साइड आपण विसरून जातो. बिलियर्ड्सच्या लांब हाफ-बॉल इन-ऑफमध्ये दुसऱ्या बॉलला अर्धा लागून व्हाइटच पॉकेटमध्ये जायचा असतो, थोडी साइड लागली तरी तो जबड्यावर आपटून चुगली करतो. तासभर फक्त तेवढंच खेळा.

चष्मेबद्दूर_सानपाडा
काका, ताई, माझा प्रश्न थोडा वेगळा. मला चष्मा आहे. वाकल्यावर फ्रेमची वरची कड नेमकी रेडवर येते. मान वर करून बघतो तर मान दुखते. चष्मेवाल्यांनी काय करायचं?

डावखुरी
डेनिस टेलर आठवा. १९८५ ची विश्वस्पर्धेची फायनल, स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर १८-१७. त्याचे ते उलटे लावल्यासारखे दिसणारे चष्मे याच कारणासाठी होते: काच उंच आणि वाकल्यावर डोळ्यासमोर येईल अशी. तुम्हाला तसा बनवून घ्यायची गरज नाही. मोठ्या काचांची, नाकावर उंच बसणारी फ्रेम चालते. लेन्स डोळ्यांना सोसत असतील तर त्या उत्तम. फक्त प्रोग्रेसिव्ह काचा लावून खेळू नका, वरच्या आणि खालच्या भागातून रेषा वेगळी दिसते.

पिंकस्पॉट
पावसाळ्यात मात्र डेनिस टेलरही हरला असता. आमच्या क्लबात पहिलं गिऱ्हाईक आल्यावर एसी लावतात. तोवर कापडाने रात्रभराची ओल प्यायलेली असते, व्हाइट चिखलातून चालल्यागत. अशा वेळी तंत्र तपासू नये, दोन फ्रेम होऊ द्याव्यात.

बाल्कलाइन
हे मात्र खरं. मोठ्या स्पर्धांमध्ये टेबल खालून गरम ठेवतात ते याचसाठी. मार्करने कापड ब्रश करून इस्त्री केल्यानंतरचा पहिला तास मिळाला तर चाचणी तेव्हा करा. मार्करशी गोडीत राहा. तुमच्या खेळातले दोष त्याला सगळ्यात आधी माहीत असतात, विचारल्याशिवाय तो सांगत नाही इतकंच.

सहावी_रेड
अपडेट. मित्राला समोर बसवलं. मी थांबलेला असताना, मारायच्या आधीच, क्यू मधे नव्हता. त्याच्या डावीकडे म्हणजे माझ्या उजवीकडे. त्रिकोणाची परीक्षा: जोरकस डोळा उजवा. क्यू मात्र हनुवटीच्या मधोमध. आणि काकांनी म्हटलं तसं फेदरिंग दोन इंच आधीच थांबत होतं. त्यामुळे चहा खारघर_क्यू यांच्याकडून.

आता क्यू उजव्या डोळ्याकडे थोडा सरकवलाय, हनुवटीच्या खाचेऐवजी उजव्या कडेला लागतो. टिप अगदी जवळ नेतो. रिकाम्या टेबलवर व्हाइट परत टिपपर्यंत येऊ लागलाय, दर वेळी नाही, पण येलोकडे पळणं थांबलं. लांबचे पॉट अजून चुकतात, पण आता दोन्ही बाजूंना. त्याचं मला बरंच वाटतंय! अडचण एकच: खांदा अवघडल्यासारखा वाटतो, आणि फ्रेममध्ये दडपण आलं की जुन्या जागी परत जातो.

खारघर_क्यू
चहा मान्य. मात्र अवघडणं तसंच सोडू नकोस. डोकं उजवीकडे नेऊन क्यू तिथेच ठेवला की मान वाकडी होते. क्यू डोळ्याखाली आणायचा तर पायच थोडे हलवावे लागतात. उभं असताना रेषेवर उजवा पाय ठेव, मग डावा, मग त्या रेषेतच सरळ खाली ये. खाली गेल्यावर नेम दुरुस्त करायला लागलास तर पुन्हा उभा राहा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, पण मी स्वतः याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. वाकून झाल्यावर खांदा सरकवून नेम लावणारे आपल्याकडे निम्मे लोक आहेत.

अॅशचा क्यू आहे म्हणालास ना? त्याच्या दाण्यात बाणासारख्या खुणा दिसतात. दर शॉटला त्या वरच्या बाजूला ठेव. क्यू दर वेळी सारखाच पकडला जातो, आणि लाकूड कुठेही किंचित वाकलेलं असलं तरी निदान एकाच बाजूला वाकलेलं राहतं.

सहावी_रेड
बाणांचं माहीत नव्हतं. आत्ताच कपाटातून काढून बघितलं, खरंच आहेत. घरी काही सराव करता येईल का? वन बीएचके आहे, टेबल म्हणजे जेवणाचंच.

पिंकस्पॉट
प्लास्टिकची रिकामी बाटली जेवणाच्या टेबलावर आडवी, तोंड तुझ्याकडे. ब्रिज कर, टिप बाटलीच्या तोंडातून आत-बाहेर, कडेला न लागता. खडखड आवाज आला की क्यू वाकडा गेला. बायको काय म्हणेल ते तू बघ. मी कळव्यात करतो तेव्हा शेजारचे विचारतात, दुरुस्ती कधी संपणार.

बाल्कलाइन
बाटली ठीक, पण ती नजर तपासत नाही, हात तपासते. तुमचा दोष नजरेचा निघाला, म्हणून रिकाम्या टेबलवरची चाचणीच दर वेळी पहिल्या पाच-दहा मिनिटांत करा, मग फ्रेमला बसा. दडपणाखाली जुनी जागा परत येते म्हणालात. त्यासाठी महिनाभर पैजेच्या फ्रेम टाळा. 'हरणाऱ्याने टेबलचे पैसे' हेही टाळा, अर्धे अर्धे करा. पैसे लागले की माणूस सरावाची नवी जागा सोडून खात्रीची जुनी जागा धरतो. सिक्स रेडच्या (पंधराऐवजी सहाच रेडच्या) लहान फ्रेम खेळा, लांब पॉटची संधी लवकर लवकर येते.

आणि साइड मुद्दाम लावायची असेल तेव्हाही आधी मध्यावर टिप ठेवून मग क्यू सरकवा. तुमच्याकडे आजवर नकोशी साइड होती, तर तुमच्या सगळ्या साइडच्या शॉटांचे अंदाज त्या चुकीला धरून बसलेले असणार. तेही हळूहळू बदलतील. काही दिवस पोझिशन (पुढच्या शॉटसाठी व्हाइट थांबण्याची जागा) बिघडेल, घाबरू नका.

चष्मेबद्दूर_सानपाडा
मोठ्या काचांची फ्रेम बनवायला टाकली. या धाग्यातच विचारतो, रेस्टने (लांबच्या शॉटसाठी आधाराच्या काठीने) मारताना क्यू हनुवटीखाली नसतोच, मग डोळ्याचा हा सगळा हिशोब तिथे कसा लावायचा?

डावखुरी
रेस्टची पकड वेगळी, कोपर बाजूला जातं, उंची वेगळी. इथे लिहिलं तर सहावी_रेड यांचा गोंधळ होईल. तुम्ही नवा धागा काढा, लिंक इथे टाका. मी आणि काका येतोच तिकडे.